बाहत्तरच्या वर नाही

आमच्या वरच्या मजल्यावरचे ओव्हाळ काका कुणाकडे चहाला गेले, की पहिला घोट घेण्याआधी खिशातून थर्मामीटर काढतात आणि कपात बुडवतात.

तापाचा नव्हे. वीतभर लांब स्टीलची सुई आणि तिच्या डोक्यावर छोटी गोल तबकडी, असा. शर्टाच्या खिशाला पेन अडकवावं तसा तो कायम अडकवलेला असतो. काका सुई बुडवतात, तबकडीकडे बघतात, “एकसष्ट” असं म्हणतात, सुई रुमालाला पुसतात आणि मग शांतपणे चहा पितात. एकसष्ट चांगलं की वाईट, ते सांगत नाहीत. पाहुण्यानं चहाला नावं ठेवली तर काय उत्तर द्यायचं, हे पुण्यात आम्हाला पाळण्यातच शिकवतात. पण पाहुण्यानं नुसता आकडा सांगितला तर काय करायचं, हे कुणीच शिकवलेलं नाही. पहिल्यांदा ते माझ्याकडे आले तेव्हा मी तोंडात बिस्किट धरून नुसती बघत राहिले होते.

काका चौतीस वर्षं एका दूध डेअरीत दूध तापवत होते. म्हणजे पाश्चरायझेशनच्या यंत्रावर ऑपरेटर होते, पण ते स्वतः “दूध तापवायचो” असंच सांगतात. दूध बाहत्तर अंशांवर पंधरा सेकंद धरायचं आणि लगेच थंड करायचं. बाहत्तरच्या खाली राहिलं तर जंतू जगतात, फार वर गेलं तर दुधाला शिजल्याचा वास लागतो. या बाहत्तरावर काकांनी आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात, सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाऊन मोठमोठ्यानं हसतात. काकांनी उरलेल्या जगाचं तापमान मोजायला घेतलं.

गच्चीवरच्या सोलरचं पाणी कुणाच्या नळाला किती अंश येतं, याचा तक्ता त्यांच्याकडे आहे. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी “पाणी व्यवस्थित गरम येतं” असं म्हटलं, तेव्हा काका उभे राहिले आणि फक्त “तिसरा मजला, अडतीस” एवढं बोलून खाली बसले. सभा तिथंच संपली. विरजण मागायला गेलं तर वाटीबरोबर चिठ्ठी मिळते: दूध किती कोमट असावं, किती वाजता लावावं, किती वाजता झाकण उघडावं, आणि खाली अधोरेखित, ‘मध्ये हलवून बघू नये’. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून सगळ्या बिऱ्हाडांना खीर येते. डबा हातात देताना काका सांगतात, “पंचावन्नला आहे, पन्नासच्या आत खा.” आणि खरं सांगते, ती खीर पन्नासच्या आत खाल्ली तर खरोखरच जास्त चांगली लागते. मी मुद्रितशोधन करते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे एखादा माणूस बरोबर निघाला की मला जरा जडच जातं.

त्यांचा एक मंत्र आहे. “चढवा, थांबा, बघा.” कुठलीही गोष्ट एकदम करायची नाही. थोडी चढवायची, थांबायचं, काय होतंय ते बघायचं. माझ्या भाचीनं नोकरी सोडून एकदम कॅफे काढायचं म्हटलं तेव्हाही त्यांनी हाच सल्ला दिला होता. तिनं ऐकला नाही. आता ती पुन्हा नोकरी शोधते आहे आणि काकांना जिन्यात टाळते.

त्यांच्या बायको मालतीकाकू म्हणजे या माणसाचा बरोबर दुसरा काठ. त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. बोटं यंत्रावर आणि जीभ त्याहून वेगात, अशी त्यांची ख्याती. दुपारी दोन वाजता आमचे अध्यक्ष गणपतीच्या वर्गणीसाठी बेल वाजवत उभे राहिले, तर काकूंनी दार उघडून म्हटलं, “या ना. झोपले नव्हतेच मी. नुसतीच डोळे मिटून तुमची वाट बघत पडले होते.” माझ्या नव्या साडीला त्यांनी एकदा छान म्हटलं होतं. “रंग सुंदर आहे हो, वृंदा. पहिल्या धुण्यापर्यंत हौस करून घे.” काकांना तर त्या दिवसभर बोलत असत. अहो, ती सुई भाजीत घालू नका. अहो, मीठ कमी आहे का ते मला विचारा, तबकडीला नको. अहो, जरा माणसासारखे पोळून घ्या एकदा. काका हे सगळं मान खाली घालून ऐकायचे आणि मला वाटायचं, बिचारे.

मागच्या श्रावणात काकूंना अर्धांगाचा हलका झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं, बोलणं शाबूत राहिलं, पायही महिन्याभरात चालता झाला. उजवा हात मात्र मागे राहिला. बोटं हलायची, पण मनाला येईल तेव्हा. फिजिओथेरपीला येणाऱ्या बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. “हे पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत. बोटांना रोज काम मिळालं नाही तर आखडतील, मग माझ्या हातात फारसं काही नाही.” त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. काकूंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखाली जाऊ दिला.

आणि एक गोष्ट झाली, ती आम्हा सगळ्यांनाच जिन्यातून जाता-येता जाणवायला लागली. काकू गोड बोलायला लागल्या. काहीही म्हटलं की “बरं.” काहीही विचारलं की “चालेल.” काहीही दिलं की “छान आहे.” अध्यक्ष पुन्हा एकदा चुकून दुपारी दोनला गेले, तर काकू म्हणाल्या, “या, बसा, पाणी घेता?” अध्यक्ष पाणी न पिता तडक माझ्याकडे आले आणि दबक्या आवाजात विचारलं, “काकूंचं फारच सिरियस आहे का हो?”

काकांनी हाताचं मनावर घेतलं. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या की बोटांना आवडेल असं काही द्या. आता काकूंच्या बोटांना काय आवडतं? टायपिंगचं नाव काढलं तर त्या भिंतीकडे बघत. मग बंगळूरहून त्यांच्या मुलीनं, सुजातानं, फोनवर आठवण करून दिली. ती कॉलेजात असताना घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा डबा आला होता. त्यात एक खेळ होता. बर्फाच्या डोंगरावरून एक घसरगाडी खाली येते, तिच्यावर दोन पेंग्विन. मागचा गाडी वळवतो, पुढचा उड्या मारतो आणि ब्रेक लावतो. दोघांनी मिळून खेळायचं. काकूंना तो खेळ भलताच आवडला होता. कोर्टातून आल्या की चपला काढायच्या आधी त्या पुढच्या पेंग्विनचा ताबा घ्यायच्या. काळे डगले घातलेले म्हणून त्या दोघांना त्यांनी ‘वकील’ असं नाव ठेवलं होतं. वकील पाण्यात पडले की त्यांना खरा आनंद व्हायचा, असं सुजाता सांगते.

तो डबा केव्हाच वारला होता. पण खेळाची डिस्क कपाटात जपून ठेवलेली होती आणि सुजाताचा जुना कंप्युटरही घरातच होता. सुजातानं एम्युलेटर टाकायला सांगितलं. एम्युलेटर म्हणजे कंप्युटरला त्या जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. काकांनी तिच्या सूचना वहीत उतरवून घेतल्या आणि एक-एक पायरी टिक करत तो बसवला. डिस्कची नक्कल कंप्युटरवर घेतली, दोन कंट्रोलर आणले, काकूंना खुर्चीत बसवलं, मागचा पेंग्विन स्वतः घेतला आणि खेळ सुरू केला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. वेगाचंही येत नाही. त्या खेळाला सेकंदाला साठ चित्रं लागत होती आणि कंप्युटर कशीबशी एक्केचाळीस काढत होता. दोन्ही वकील बर्फावरून नव्हे, गुळाच्या पाकातून चालले होते. गाणं तर बॅटरी संपत आलेल्या टेपसारखं रेंगाळत होतं. काकूंनी तीन मिनिटं खेळून कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“माझ्यासाठी हळू केलंत ना?” त्या म्हणाल्या. “छान आहे.”

“अगं नाही, हा कंप्युटरच...”

“बरं.”

काका त्या दिवशी माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी चहा न मोजता प्यायला. मी घाबरलेच.

“तिला वाटतंय मी दया केली,” ते म्हणाले. “वृंदाताई, जगात ती एकच गोष्ट तिला चालत नाही. आता तो खेळ पूर्ण वेगानं चालल्याशिवाय ती त्याला हात लावायची नाही.”

दुसरा कंप्युटर घ्यावा असं मी सुचवलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दूध उतू गेलं म्हणून गाय बदला म्हणाले. चार दिवसांनी ते वही घेऊन आले. वहीच्या पानावर एकच शब्द मोठ्या अक्षरात होता: ओव्हरक्लॉकिंग.

“प्रोसेसर म्हणजे कंप्युटरचा मेंदू,” काकांनी मला समजावलं. “कारखाना त्याला एक वेग ठरवून देतो. पण त्याच्या अंगात त्याहून थोडं जास्त असतं. आपण वेग जरा वाढवायचा. वाढवला की तो तापतो. तापला की किती तापला ते बघायचं. झेपत असेल तर आणखी जरा वाढवायचा.”

“म्हणजे चढवा, थांबा, बघा.”

काका खुर्चीत पुढे सरकले. “तेच तर! चौतीस वर्षं मी हेच केलं. फक्त त्याला असं इंग्रजी नाव आहे हे कुणी सांगितलं नाही.”

मला कंप्युटरमधलं फारसं कळत नाही, पण आकडा वाचताना मी चुकत नाही, म्हणून त्यांनी मला मदतीला घेतलं. पुढचे काही आठवडे सकाळचा चहा मी वरच घेत होते. इंटरनेटवर या विषयात उत्साही माणसांची कमी नाही. एकदम वेग वाढवा, व्होल्टेज चढवा, बघा काय धमाल येते, अशी त्यांची भाषा. काका ते सगळं चष्मा नाकावर घेऊन वाचत आणि म्हणत, “ही माणसं डेअरीत असती तर पुण्याला रोज पनीर मिळालं असतं.”

त्यांनी आधी वेगाला हातच लावला नाही. आधी कंप्युटर उघडून आतली धूळ ब्रशनं काढली. प्रोसेसरवरचा जुना पंखा आणि त्याखालचा वाळलेला लेप काढला. नवा, मोठा पंखा बसवताना नवा लेप लावला तो मटारच्या दाण्याएवढाच. “जास्त लावला तर उष्णता अडकते. पातळ थरातूनच उष्णता पळते, हे मला शिकवू नका,” असं ते मला म्हणाले. मी काहीच शिकवत नव्हते. मग कंप्युटर सुरू होताना एक बटण दाबलं की सेटिंगची जी निळी पाटी उघडते, तिच्या प्रत्येक पानाचा त्यांनी फोनवर फोटो काढून ठेवला. परत यायची वाट माहीत असल्याशिवाय निघायचं नाही, म्हणाले. व्होल्टेज त्यांनी कारखान्यानं दिलं होतं तेवढंच ठेवलं. “ते वाढवणं म्हणजे दूध टिकावं म्हणून त्यात सोडा घालणं. चार दिवस मजा, मग फाटतं.”

मग वेगाची एक पायरी वर. मग उगाच मोठमोठी गणितं घालून प्रोसेसरला दमवणारा एक प्रोग्राम तासभर चालवायचा. मी पडद्यावरचे अंश वाचायचे, काका ते वहीत लिहायचे, शेजारी खोलीचं तापमानही लिहायचे. आणि पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास नको म्हणून पंख्याच्या मागून येणाऱ्या वाऱ्यात आपली सुई धरून बसायचे. एकदा कंप्युटर सुरूच होईना. काकांनी आतला बटणाएवढा सेल काढला, पाच मिनिटं घड्याळ बघितलं, सेल परत बसवला, आणि कंप्युटर जुन्या सेटिंगवर उठून बसला. काका म्हणाले, “एक पायरी जास्त झाली. आता एक उतरायचं.” एवढंच.

एक्केचाळीसचे सत्तेचाळीस झाले, सत्तेचाळीसचे चोपन्न. आणि चोपन्नला काका थांबले.

“का थांबलात? अजून सहाच तर हवेत,” मी विचारलं.

“बाहत्तर झालं.”

पडद्यावर प्रोसेसरचं तापमान बाहत्तर होतं. मला वाटलं, गंमत करताहेत.

“काका, हे दूध नाही. बनवणाऱ्यांनीच लिहिलंय, हा शंभराच्या जवळपास जाईपर्यंत स्वतःला सांभाळतो. सगळे सांगताहेत, ऐंशीपर्यंत बिनघोर चालवा.”

“सगळे कोण?”

“इंटरनेटवरचे सगळे. तुम्हीच वाचलंत.”

“मी बाहत्तरच्या वर जात नाही.”

मग त्यांनी मला ती हकिगत सांगितली. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. ते यंत्र सोडून दोन मिनिटं तंबाखू चोळायला बाहेर गेले आणि आकडा चढला. टाकीभर दुधाला शिजल्याचा वास लागला. सुपरवायझर ओरडले नाहीत. त्यांनी त्या दुधाचा एक पेला भरून काकांच्या हातात दिला आणि काका तो संपवेपर्यंत समोर उभे राहिले. काकांनी त्या दिवशी तंबाखू सोडली आणि बाहत्तर धरलं. माणसं आयुष्यात एखादं व्रत घेतात ते बहुधा अशाच एखाद्या पेल्यानंतर घेतात. मला राग मात्र आला. वर बाहत्तर सांभाळलं जात होतं आणि शेजारच्या खोलीत काकूंची बोटं दिवसेंदिवस आत वळत चालली होती.

चोपन्नला खेळ जवळजवळ बरा दिसायचा. पण ज्या बाईनं वर्षानुवर्षं तो खऱ्या वेगानं खेळलाय तिला ‘जवळजवळ’ कळतंच. तरी काकू रोज दहा मिनिटं खेळायला लागल्या. काका खूष झाले. मीही झाले. एक दिवस फिजिओथेरपीच्या बाई आल्या होत्या, मी काकूंजवळ बसले होते, आणि काका स्वयंपाकघरात आहेत असं आम्ही समजत होतो.

“खेळताय ना रोज? आवडतंय?” बाईंनी विचारलं.

“नाही हो,” काकू हळूच म्हणाल्या. “पण एवढं करताहेत. नाही खेळले तर त्यांना वाईट वाटेल.”

काका दारातच उभे होते. हातात सगळ्यांसाठी सरबताचा ट्रे होता. ते तसेच मागे गेले आणि थोड्या वेळानं, जणू आत्ताच आलो असं दाखवत, पुन्हा आले. ज्या दयेचा काकूंना एवढा तिटकारा, तीच दया आता त्या स्वतः काकांवर करत होत्या. हे काकांना कळलं होतं, आणि मला काकांचा चेहरा बघून कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेल वाजली. एप्रिल होता, डांबर वितळावं असं ऊन. दारात काका, शर्ट इस्त्रीचा.

“आज बाहत्तर ओलांडायचं,” ते म्हणाले. “तुम्ही शेजारी बसा.”

“एवढ्या उन्हात? सकाळी करू ना, खोली गार असते.”

“गार खोलीत शहाणपण नसतं. उन्हाळ्याच्या दुपारी टिकलं तर बारा महिने टिकेल.”

वर गेलो. काकू आतल्या खोलीत पडल्या होत्या. काकांनी निळी पाटी उघडली, वेग एक पायरी वर नेला, कंप्युटर सुरू केला, दमवणारा प्रोग्राम लावला आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

“वाचा.”

“एकाहत्तर. बाहत्तर.” मी थांबले. “त्र्याहत्तर.”

काकांनी डोळे मिटले. मी वाचत गेले. चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर. त्यांच्या कपाळावरून घाम निघून कानामागे चालला होता.

“वास येतोय?” त्यांनी विचारलं.

“कसला वास?”

“शिजल्याचा.”

“नाही, काका. कसलाच नाही.”

अठ्ठ्याहत्तर झालं. एकोणऐंशी झालं. आणि तिथं तो आकडा थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पूर्ण तासभर तो एकोणऐंशीवरून हलला नाही. तासाभरात काका एकदाही उठले नाहीत, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. शेवटी त्यांनी वळून स्वतः पडदा बघितला, वहीत एकोणऐंशी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग खेळ सुरू करून बघितला. कोपऱ्यातला आकडा साठ दाखवत होता आणि गाणं असं टणटणीत वाजलं की आतून काकू म्हणाल्या, “हे काय?”

“जरा येतेस का गं?” काकांनी विचारलं.

काकू आल्या, बसल्या, कंट्रोलर घेतला. डावा हात धड, उजव्या हाताची बोटं बटणांवर ठेवून घ्यावी लागली. खेळ सुरू झाला आणि सात सेकंदांत दोन्ही वकील पाण्यात. पुन्हा सुरू. पुन्हा पाण्यात. तिसऱ्यांदा उडी मारायचं बटण दाबेपर्यंत दरी येऊन गेली होती. मला वाटलं, संपलं सगळं. हा वेग त्यांच्या हाताला झेपणारा नाही, आपण उगाच या बाईची फजिती करतोय. मी काकांना खुणावलं की थांबवा. काकांनी बघितलंच नाही. त्यांना तसंही इकडेतिकडे बघायची सवड नव्हती. डेअरीतला हा सावध माणूस खेळ खेळण्यात इतका कच्चा होता की वळण डावीकडे असलं तर तो स्वतःच खुर्चीत उजवीकडे वाकायचा.

चौथ्यांदा काकूंची उडी बसली. जरा उशिरा, पण बसली. गाडी दरीपलीकडे गेली आणि काकांनी ती तत्काळ कड्यावर आपटली.

काकूंनी या वेळी कंट्रोलर मांडीवर ठेवला नाही.

“अहो,” काकू म्हणाल्या.

“काय गं?”

“डेअरीत दूध टाकीत भरत होतात, की टाकीच्या शेजारी?”

काकांचा अंगठा बटणावरच राहिला. काकूंनी आमच्याकडे बघितलंही नाही, त्यांची नजर पडद्यावर होती.

“परत लावा. आणि आता डावीकडे म्हणजे डावीकडे. घड्याळ बांधता ना, तो हात. डावीकडे! अहो, हा कडा काय कालपासून तिथं आहे का? लहान पोर सायकल शिकताना सुद्धा एवढं... उडी माझ्याकडे आहे, तुम्ही नुसतं वळा! वकिलांनी काय घोडं मारलंय तुमचं? चौतीस वर्षं नुसतं एका आकड्याकडे बघून पगार घेतलात, आता जरा रस्त्याकडे बघा!”

आणि हे सगळं बोलताना त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट बटणावर पडत होतं, उठत होतं, पुन्हा पडत होतं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मला रडू यायला लागलं, ते मी खोकल्यात ढकललं.

अर्ध्या तासानं काका “चहा टाकतो” म्हणून उठले. मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले. काका ओट्याशी उभे होते. गॅस पेटवला नव्हता, भांडंही घेतलं नव्हतं.

“बोट बघितलंत ना, काका?” मी म्हटलं. “हात येणार आता.”

“हात काय हो,” काका म्हणाले. “नाही आला तरी मी आहे की. भरवीन, वेणी घालीन, सगळं करीन. त्याचं काही नव्हतं मला.” त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला. “पण वृंदाताई, आठ महिने ही मला ‘बरं’ म्हणत होती. ‘बरं’ म्हणणाऱ्या बाईबरोबर मी कधी राहिलोच नव्हतो. घरात कुणी नसल्यासारखं व्हायचं हो.”

इतकी वर्षं मी त्यांना बिचारे समजत होते.

“अहो!” बाहेरून हाक आली. “चहा करताय की चहाचं झाड लावताय? वकील खोळंबलेत इथं!”

“आलो, आलो!” काका म्हणाले आणि चहा न करताच लगबगीनं बाहेर गेले. मी दाराशी उभी राहून बघत होते. खेळ सुरू झाला. या वेळी काकूंच्या दोन्ही उड्या नेमक्या बसल्या, काकांनीही दोन वळणं नीट घेतली. पुढे कडा नव्हता, दरी नव्हती, एकही वळण नव्हतं. लांबच लांब, सरळ, मोकळा बर्फाचा रस्ता होता.

काकांनी एकदा हळूच काकूंकडे बघितलं, आणि गाडी सरळ पाण्यात घातली.